मामांच्या वायसरबद्दल नम्र शंका

(सहा सिलिंडरचं इंजिन एक, पाच, तीन, सहा, दोन, चार अशा क्रमानं पेट घेतं. आकडे तसेच, गोष्ट मात्र सरळ पुढे.)

एक

नवरी बसमध्ये, नवरा दरडीपलीकडे आणि मधोमध एक पोकलेन, पांढरा धूर ओकून बंद पडलेलं.

जाबांगुन गुल्तोम बसमधून उतरला तो नवरीचा बाप म्हणून: काळा सूट, खांद्यावर विणलेली उलोस, लग्नाची शाल. चार पावलांत त्याचा मेकॅनिक झाला. पलीकडच्या चर्चचे पाळक बारा वाजता दुसऱ्या गावी दफनविधीला निघणार होते. ते निघाले की आज लग्न नाही. आणि नवऱ्याकडचं डुक्कर पहाटेच शिजलं होतं.

त्यानं झाकण उघडलं, सेल्फ मारायला लावला, कान दिला. इंजेक्टर पार झिजलेले. डिझेल फवारायचं सोडून गळत होते.

"नवे मागवलेत का?"

केबिनमधल्या ऑपरेटरनं बुडाखालून खोका काढला. सहा कोरे इंजेक्टर. येऊन महिना उलटला होता.

"सीट बसलीय," तो म्हणाला. "म्हणून खाली घेतला."

जाबांगुननं शिवीसाठी छाती भरून श्वास घेतला.

पाच

पण कूळ विचारल्याशिवाय शिवी द्यायची कशी? मागून नातं निघालं तर परत घेता येत नाही.

"कुठल्या कुळाचा रे तू?"

"लिम्बोंग. रोन्सेन लिम्बोंग."

श्वास छातीतच राहिला. जाबांगुनची आई लिम्बोंगांची, आणि आईच्या कुळातल्या माणसापुढे मान खालीच ठेवायची असते.

"मूळपुरुषापासून कितवी पिढी?"

"पंधरावी."

बसच्या खिडकीतून त्याच्या बायकोनं, रुमोंडांगनं, ऐकलं. "टिउरचे बाबा, सासूबाईही पंधराव्याच. म्हणजे हे त्यांचे भाऊ. तुमचे मामा."

मामा तेविशीचे होते. ओठावर मिशीचा नुसता बेत होता. भाच्याचे केस पिकलेले.

"मामा," जाबांगुन म्हणाला. "तेवढा चौदाचा पाना द्याल का?"

"घ्या ना, काका."

"काका नाही. मला अरे-तुरे करा."

"घे, भाच्या," रोन्सेन म्हणाला, आणि त्याला ते भलतंच आवडलं.

बसमध्ये नवरी, म्हणजे टिउर, इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं.

तीन

"मामा, डिझेल कुठून भरता?"

"ड्रममधून."

"गाळून?"

"बेडूक होता एक. तो काढला."

"आपण फार काळजी घेता."

"मग? सगळे नाही घेत, भाच्या."

"आणि फिल्टर?"

"तो काय असतो?"

"काही नाही. तुम्ही बसा. उन्हात उभे राहू नका."

"भाच्या, तुझा चेहरा लाल झालाय."

"सूटमुळे, मामा."

सहा

एक इंजेक्टर काजळीनं असा धरून बसला होता की तो ओढायला वऱ्हाडातले चार काका, एक दोर आणि बसमधल्या ढोलवाल्यांचा ठेका लागला. निघाला तेव्हा चौघेही एकमेकांच्या मांडीवर.

दोन

इंजेक्टरच्या भोकाच्या तळाशी तांब्याचा वायसर असतो. जुना काढायचा, नव्या इंजेक्टरबरोबर नवा घालायचा. चौथं भोक मामांनी साफ केलं होतं.

"जुना वायसर निघाला ना, मामा?"

"निघाला."

मामा निघाला म्हणतात तिथे भाच्यानं बॅटरी मारून आत बघायचं नसतं. जाबांगुननं बघितलं नाही. सगळे बसवले, पाइपांतली हवा काढली, सेल्फ मारला. इंजिन पेटलं. पण चौथ्यापाशी फिस्‌-फिस्‌ वाफ, आणि बकेट मातीत घातली की इंजिन गुडघे टेकायचं.

जुन्यावर नवा बसलाय, हे त्याला आवाजावरून कळलं. उघडून बघणं म्हणजे मामांना खोटं पाडणं.

"तू बोल ना," तो बायकोला म्हणाला.

"मी? माझे मामेसासरे आहेत ते."

बारा वाजायला दहा गाणी शिल्लक होती. ढोलवाले तसंच मोजत होते. शेवटी मारिहोत आजोबा उतरले. लग्नात गुल्तोमांच्या वतीनं बोलायला त्यांनाच आणलं होतं.

"रीतीनं बोलायचं," ते म्हणाले. "आधी ताट लावा."

बसमध्ये माशांचं पातेलं होतं. पण मासा मामाकडून भाच्याकडे येतो. भाच्यानं मामाला द्यायचं ते डुक्कर. आणि डुक्कर दरडीपलीकडे.

मागच्या सीटवर एका आत्यानं हळूच डबा मिटला. तो उघडायला लावला. अर्धं खाल्लेलं डुकराचं मटण निघालं. त्याचेच तुकडे ताटात अख्ख्या डुकरासारखे मांडले: दोन कान, एक नाक, मागे शेपूट.

"हा कान आहे का?" कुणीतरी विचारलं.

"आता आहे," आत्या म्हणाली.

चार

मारिहोत आजोबांनी घसा साफ केला.

"मामा, तुमच्या आशीर्वादानं इंजिन सहांपैकी पाचांवर चालतंय. पाच म्हणजे काही थोडके नाहीत. आमची तक्रार नाही. शंका म्हणावी एवढीही ती मोठी नाही. पण चौथ्या भोकाच्या तळाशी एखादा जुना वायसर, कुणी न बोलावता, आपणहून राहिला असेल, तर त्याला बाहेर यायची परवानगी द्यावी."

ताट पुढे झालं. रोन्सेन पोकलेनच्या पट्ट्यावर उभा राहिला. त्याचं बोलणं ऐकायला इतकी माणसं कधी गप्प झाली नव्हती.

"आम्ही लिम्बोंग," तो म्हणाला आणि थांबला. "आम्ही हे कान आणि शेपूट स्वीकारतो. वायसरचं असं झालं, तो मला इंजिनाचाच भाग वाटला. काढला तर अजून काही पडेल म्हणून राहू दिला. आणि भाच्या, तू इतक्या अदबीनं विचारलंस की नाही म्हणवेना. एक शिवी दिली असतीस तर खरं सांगितलं असतं."

जाबांगुन मटकन मातीत बसला, सुटासकट, आणि पोट धरून हसत सुटला.

"आता मामांनी मासा द्यायचा," आजोबांनी बजावलं.

"माझ्याकडे मासा नाही."

"आमच्यातला घ्या, आम्हालाच द्या," रुमोंडांग म्हणाली. त्यानं पातेल्यातून मासा काढला, दोन्ही हातांनी भाच्याला दिला, तिनं तो परत पातेल्यात ठेवला.

तारेच्या आकड्यानं वायसर वर आला, काळा, दुमडलेला. इंजेक्टर परत बसला. सेल्फ. धूर पांढरा, मग करडा, मग नुसता उन्हाचा थरथराट. सहाही एका सुरात. ढोलवाल्यांनी इंजिनाचाच ठेका उचलला. रोन्सेननं दरड अशी खरवडली की बायका खिडक्यांतून त्याला 'मामा, उजवीकडे, मामा, डावीकडे' सांगू लागल्या.

चर्चच्या फाटकात पाळकांचा एक पाय गाडीत होता. त्यांनी नवरीच्या बापाचे कोपरापर्यंत काळे हात बघितले.

"एवढा उशीर कशानं झाला?"

मारिहोत आजोबांनी घसा साफ केला.

"नंतर सांगा, आजोबा," टिउर म्हणाली, झगा गुडघ्यापर्यंत उचलला, एका हातानं पाळकांची बाही धरली, दुसऱ्यानं बापाचा काळा हात, आणि दोघांना ओढत पळत आत गेली.