आणखी कोणी पाहिला?

रात्री झोप नव्हती, तरी सकाळी मी उड्या मारतच उठले. होकार द्यायचा होता ना! लिफ्टवाल्याने काल विचारलं होतं, "लग्न करशील माझ्याशी?" आणि मी भाव खात म्हटलं, "उद्या बागेत सांगते." लिफ्ट दुरुस्त करणारी त्याची कंपनी त्याला दुसऱ्या शहरात पाठवायला निघाली होती. साहेबांना आज सकाळीच कळवायचं होतं. मी हो म्हटलं तर तो राहणार, नाहीतर जाणार.

पण मी एक नंबरची वेडी! आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळात बोलायला बंदी असते, हे विसरलेच. मंडळ चालवते माझी वहिनी. ती शाळेत पीटी शिकवते आणि आम्हालाही तसंच वागवते. फाटकातून आत शिरलं की तोंडाला कुलूप. शिवाय एकट्याने पाहिलेला पक्षी ती धरत नाही. "आणखी कोणी पाहिला?" असं विचारते, आणि दुसरा हात वर झाला तरच तो पक्षी खरा.

लिफ्टवाला धापा टाकत आला तेव्हा आम्ही आत शिरलो होतो. वहिनीने त्याला पोस्टमनकाकांच्या जोडीला दिलं, मला स्वतःजवळ ठेवलं. त्याला आजवर एकही पक्षी वेळेवर दिसलेला नाही. तो माझ्यासाठी येतो, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. बदकांनाही असावं.

झाडांना कोवळी पालवी फुटली होती आणि हवा अशी, की उगाच हसू यावं. साळुंक्या कचाकचा भांडत होत्या. धोबी पक्षी शेपटी हलवत गवतावर मिरवत होता. सगळे मनाला येईल ते ओरडत होते आणि मला मात्र बोलायची चोरी!

एक बाग संपवून दुसरीकडे जाताना रस्त्यावर बोलायची मुभा असते. मी धावले. पण काकांनी त्याचा दंड धरून बदकांची पिसं कशी गळतात ते सांगायला घेतलं, ते थेट दुसरं फाटक येईपर्यंत. काकांना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

दुसऱ्या बागेत तळं आहे. तो पलीकडच्या काठावर, मी अलीकडे. मी जोरजोरात होकाराची मान हलवली. त्याने बघायला दुर्बीण डोळ्यांना लावली, तीही उलटी. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, आणि माझा होणारा नवरा हा!

तेवढ्यात वहिनीने माझा हात दाबला. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता, निळाशार. वर्षभर ती त्याची वाट बघत होती. सगळे श्वास रोखून उभे राहिले. आणि पलीकडे लिफ्टवाल्याने घड्याळ पाहिलं, चेहरा पाडून खिशातला फोन काढला आणि कानाला लावला. साहेबांना लावत होता, दुसरं कोणाला!

"ठेव तो फोन!" मी किंचाळले. "करते मी लग्न! हो, हो, हो!"

खंड्या भुर्र. बदकं उडाली, साळुंक्या उडाल्या, बाकावरचे आजोबा दचकून उभे राहिले. लिफ्टवाल्याचा फोन साहेबांसकट तळ्यात गेला.

वहिनी लालबुंद होऊन माझ्याकडे वळली.

"होकार दिलास?"

"दिला."

"एकटीचं मी धरत नाही," ती पीटीच्या आवाजात गरजली. "आणखी कोणी ऐकला?"

तळ्याभोवतीचे सगळे हात वर झाले. आजोबांनी तर दोन्ही वर केले. लिफ्टवाला फोन शोधायला उतरला होता तो गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिला, ओला हात सगळ्यांत उंच धरून. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी वेळेवर कळलं होतं.