कुणी केलं गं हे?

"कुणी केलं गं हे तुला?" पडद्यावरच्या मुंजाबानं हळव्या आवाजात विचारलं, आणि खाली अंधारात बसलेल्या बानाबाईच्या तोंडून उत्तर निसटलं, "पडले मी."

मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. शेजारी बसलेला तिचा दीर बद्रीनाथ दचकून तिच्याकडं बघायला लागला. बानाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

मुंजाबा तिचा एकुलता एक पोरगा. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला हा मुलगा पैठणजवळच्या खेड्यातून शहरात आला, विद्यापीठात नाटक शिकला आणि तिथल्याच गारखेड्यात भाड्यानं राहून मिळेल ती कामं करत राहिला. कधी जाहिरातीत, कधी कुणाच्या पाठीमागं उभा. आणि आता थेट सिनेमात मोठी भूमिका. सकाळच्या पहिल्या खेळाला त्यानं आईला आणि काकाला गावाहून बोलावून घेतलं होतं. बानाबाई गावात अंगणवाडीत मदतनीस होती. तिनं रजा टाकली, नवं लुगडं नेसली आणि पोराचं कौतुक बघायला आली.

सिनेमात मुंजाबा तहसील कचेरीतला भिडस्त कारकून झाला होता. त्या कारकुनाच्या आत दुसराच एक माणूस राहत होता. तो जागा झाला की कारकुनाची मान एका अंगाला कलायची, चालताना डावी टाच जमिनीवर घासायची, आवाज घशातून खरखरत यायचा. तो बायकांचा जीव घ्यायचा. मग तो माणूस विरून जायचा, कारकून भानावर यायचा आणि समोर पडलेल्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन कळवळून विचारायचा, "कुणी केलं गं हे तुला?"

टाच घासली तेव्हाच बानाबाईनं ओळखलं होतं. ती चाल तिच्या वारलेल्या नवऱ्याची, कारभारीची होती. चालीचं एक वेळ ठीक. बापाची चाल पोरात उतरते. पण हा प्रश्न? हा प्रश्न बंद दाराआड विचारला जायचा. आधी खोऱ्याचा दांडा, नाहीतर चुलीतलं लाकूड. मग थोड्या वेळानं तोच माणूस हळद घेऊन यायचा, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि डोळ्यांत पाणी आणून विचारायचा. ती म्हणायची, "पडले मी." तेवढं ऐकलं की तो शांत व्हायचा. हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरगं तर घोंगडीत गाढ झोपलेलं असायचं.

सिनेमा संपला. टाळ्या पडल्या. बाहेर मुंजाबाभोवती पोरापोरींनी गराडा घातला. कुणी फोटो काढत होतं, कुणी म्हणत होतं, "सर, अंगावर काटा आला. कुठून आणलं हे?"

गराडा पांगला तसा बद्रीनाथ पुढं झाला. त्याचा चेहरा काळानिळा पडला होता.

"लाज नाय वाटली तुला? मव्हा दादा होता तो. लंगडं मेंढरू खांद्यावर घेऊन हिंडणारा. भजनात मृदंग त्याचाच. आजबी गाव त्याच्या फोटोपुढं हात जोडतंय, आन तू त्याचा खुनी करून टाकला? बापाची नक्कल करून पोट भरायलास?"

"काका…" मुंजाबा एवढंच बोलला आणि आईकडं बघायला लागला. त्या नजरेत भीती होती. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा.

बानाबाईला वाटलं, आता म्हणावं, पोरगं चुकलं. एवढी वर्षं निभावलं तसं हेही निभावून न्यावं. तिनं तोंड उघडलं.

"भाऊजी, नक्कल नाय ती," ती म्हणाली. "पोरगं जागं होतं."

"म्हंजे?"

तिनं डावा हात पुढं केला. तो कोपरात कधीच सरळ होत नसे; विहिरीवर पडून मोडला, असंच सगळे धरून चालत. "हा हात हिरीवर नव्हता मोडला."

बद्रीनाथ त्या हाताकडं बघत राहिला.

"मंग वहिनी, तुमी बोलल्या काहून नाय?"

"कुणाला बोलू? तुमी समदे त्याच्या पाया पडायचे."

बद्रीनाथनं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला, पुन्हा बांधला. "पैठणची गाडी गाठतो," असं पुटपुटत, दोघांकडं न बघता तो रिक्षात बसून गेला.

गारखेड्याच्या खोलीवर मायलेक आले तेव्हा दुपार तापली होती. मुंजाबानं तिला पाणी दिलं, पंखा लावला. बानाबाई भिंतीला टेकून बसली.

"मुंजा, त्या पिच्चरमधला डाक्टर म्हनला, एका मानसात दोन राहत्येत. एकानं केलेलं दुसऱ्याला ठाव नसतंय. व्हय ना? तसंच आसंल तुह्या बापाचं. मारायचा तो येगळा, हळद लावायचा तो येगळा. त्याला ठावच नसंल."

तिच्या आवाजात एवढी आशा होती, की मुंजाबाला मान वर करवेना.

"माय, तो पिच्चर हाय. तसल्या आजाराची खरी मानसं मी दवाखान्यात भेटलो, कामासाठी. ती कुणाच्या अंगावर जात नव्हती. तीच भेदरलेली होती."

"पर तुह्या बापाचं…"

"बाप एकच होता. त्याला समदं ठाव होतं."

"तुला काय म्हाईत?"

मुंजाबा खाली बघत म्हणाला, "एकदा तुव्हं डोकं मांडीवर घेऊन त्यो इचारत होता, कुणी केलं गं. तवाच त्यानं मह्याकडं पाह्यलं. मव्हे डोळे उघडे होते. त्यो रागावला नाय, माय. हसला. आन आसं केलं."

त्यानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

जिन्यात कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते रडून गप्प झालं, तरी बानाबाई हलली नाही. नवऱ्याला तिनं कधीच माफ करून टाकलं होतं, ते त्याला काही आठवत नाही म्हणून. आता त्या माफीचं काय करायचं, ते तिला कळेना.

"जेवतेस का?" त्यानं विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. तो थकला होता. सतरंजीवर आडवा झाला, कुशीवर वळला. जरा वेळानं त्याचा श्वास एका लयीत चालू लागला.

बानाबाई त्याच्या पाठीकडं बघत होती. त्या काळी सगळं शांत झालं, की ती सरपटत त्याच्याजवळ जायची आणि कानाशी हळूच हाक मारून बघायची. तो हूं की चूं करायचा नाही. तेवढ्यावर तिला झोप लागायची. आपलं जे व्हायचं ते होवो, लेकराला तर काही कळलं नाही.

ती उठली, सतरंजीपाशी जाऊन बसली. वाकून, ओठ हलले न हलले अशा आवाजात म्हणाली,

"मुंजा?"

"जागाय, माय," तो लगेच म्हणाला.