नयनच्या पोटातलं निशाचं लिव्हर

भाऊबिजेच्या सकाळी मटणाला फोडणी देता देता निशाला स्टूल ओढून खाली बसावंच लागलं. ऑपरेशनला आठ महिने होत आले, तरी मेला थकवा काही अंग सोडत नव्हता. भांडी घासली की दम लागायचा, मोहने गावच्या बाजारात जाऊन आलं की दुपारभर आडवं पडायचं.

होळीनंतर तिच्या लिव्हरचा उजवा भाग काढून धाकट्या भावाच्या, नयनच्या पोटात बसवलेला. त्याचं स्वतःचं दारूने पार दगड झालेलं. माहेरची बाळकुमची जमीन बिल्डरला गेली, घरात पैसा आला, आणि तेव्हापासून या बाबाचा घसा कधी कोरडा राहिला नाही. आईचं वय झालेलं, भावजयीचा रक्तगट जुळेना. उरली कोण? निशा. तिचा नवरा मयूर नको नको म्हणत होता. पण नवसाचा एकुलता भाऊ, त्याला असा मरू देतात काय कोणी?

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्वतःच्याच फासळ्यांवर हात ठेवून समजावलेलं. "हे इथे, उजवीकडे. उजवा भाग मोठा, डावा लहान, खाली पित्ताची पिशवी. आतड्यांतून निघालेलं रक्त आधी इथे येतं. हे त्यातलं चांगलं-वाईट निवडतं, साखर साठवतं, पित्त बनवतं, दारूचं विष मोडून काढतं. आणि एवढं राबून दुखतंय म्हणून सांगत नाही. सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो."

"म्हणजे घरातली सूनच की," निशा म्हणाली.

डॉक्टर हसले. "पण घाबरू नका. तुमचं उरलेलं परत वाढतं."

त्या एका वाक्याने घात केला. आई भावकीत सांगत सुटली, "शेवग्याची फांदी तोडली का परत फुटते, तसा हाय तो. आमच्या निशाचा काय गेला नाय." पुढे स्कॅनमध्ये खरंच वाढलेलं दिसलं, मग तर विषयच संपला. आता हिला कोणी विचारीना. त्या भागाबरोबर पित्ताची पिशवी काढली, ती काही परत फुटली नव्हती. जरा तेलकट खाल्लं की पोट धरून बसायचं. भावाला मटण, आणि हिच्या ताटात डाळभात.

दुपारी नयन आला. गाल भरलेले, तोंडावर तेज, नवा शर्ट. त्याला दारात बघून निशाचा जीव सुपाएवढा झाला. सगळं सार्थकी लागलं असं तिला वाटलं, खोटं कशाला बोला. तिने त्याला पाटावर बसवलं, डोक्यावर रुमाल ठेवायला लावला, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ताट उचलून जवळ वाकली आणि तिथेच थांबली. वेलचीच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता. तो तिला झोपेतही ओळखता आला असता.

"प्यायलास?"

"अगं ताई, येताना पोरांनी थांबवलं. दिवाळी आहे ना. एकच घेतली."

"थेंबसुद्धा नको म्हणून सांगितलेलं ना रे?"

"एकाने काय होतंय?" नयन हसला. "तुझं वाढलं ना परत? माझं पण वाढेल."

मयूर तावातावाने पुढे आला. निशाने त्याला हातानेच थांबवलं. तिला रागसुद्धा येईना. रागवायला अंगात काही शिल्लक असावं लागतं. मग ती हळूच खाली बसली, ताट त्याच्या तोंडापुढून खाली घेतलं आणि त्याच्या उजव्या फासळ्यांसमोर ओवाळायला लागली.

"ताई, काय करतेस हे?"

"तुला ओवाळायचं नाही मला आज. ही माझी लेक आहे. तुझ्या घरी नांदायला दिलीय. सासरी जाच आहे तिला, पण दुखतंय म्हणून सांगायची नाही ती. माहेरच्या माणसाने विचारायला नको?"

ओवाळणीसाठी खिशात गेलेला नयनचा हात बाहेरच येईना. निशाने निरांजन खाली ठेवलं, त्याच्या नव्या शर्टावर, बरगडीखाली, तळहात टेकवला आणि आईच्याच बोलीत विचारलं,

"काय गो बाय, बरी हायस ना?"