किचनरची डाचिया आणि चौथं लिंबू

मी नंदकुमारांची डाचिया, त्यांची जुनी रोमानियन गाडी, बोलतेय. नाव ऐकलं नसेल, तर संकोच नको. इथे कॅनडातल्या किचनरमध्ये तीसहून जास्त वर्षं काढली, तरी शेजारी अजून मला 'दॅट थिंग'च म्हणतात.

माझा जन्म १९८४चा, रोमानियात, पितेश्ती शहराजवळचा. आमच्या घराण्याने फ्रान्सच्या रेनो कंपनीकडून परवाना घेऊन संसार थाटला. आधी ११०० नावाची गाडी झाली, मग १३००, आणि तोच तोंडावळा थोडाफार मुरडत पस्तीस वर्षं चालला. पुढे लोगन आणि डस्टर या नव्या गाड्या आल्या आणि घराण्याचं नशीब उघडलं. मी मात्र त्याआधीच जहाजाने कॅनडात येऊन पडले होते.

नंदकुमार मूळचे नाशिकचे, इंजिनिअर. सगळे मित्र जपानी गाड्या घेत असताना यांनी मला घरी आणलं. "डिझाइन फ्रेंच, कष्ट रोमानियन!" असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पाहुणे चहा संपवून घाईने उठत. पुढे लोगन चक्क नाशकात बनू लागली, तेव्हा त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "आता तुझं माहेर आमच्या गावात." मी लाजले. गंजामुळे ते दिसलं नाही एवढंच.

२००७च्या सुमारास मी चालणं सोडलं आणि गॅरेज अडवून बसले. त्यामुळे नंदकुमारांच्या पत्नी उमाताईंची गाडी बाहेर बर्फात. दर हिवाळ्यात त्या शोव्हल करता करता, म्हणजे फावड्याने बर्फ उपसताना, माझा उद्धार करत. २०१७मध्ये त्यांनी निक्षून सांगितलं, "सप्टेंबर संपायच्या आत ही भंगारात गेली पाहिजे." नंदकुमारांनी मुकाट्याने गाडी ओढून नेणाऱ्या टो ट्रकवाल्याला तीस तारखेचा शनिवार दिला.

त्या सकाळी ट्रक दारात आला आणि उमाताईंनी फोनवर महाराष्ट्र मंडळाचा मेसेज वाचला.

"अहो, आज दसरा आहे! आज वाहनाची पूजा करतात की त्याला भंगारात घालतात?"

"तूच म्हणालीस ना, सप्टेंबर संपायच्या आत?"

"म्हणून तुम्ही कॅलेंडरसुद्धा बघू नये? थांबा. बिनपूजेची जाऊ देणार नाही मी तिला."

कुंडीतला झेंडू आला, हळदकुंकू आलं, चारही चाकांपुढे लिंबं आली. उमाताईंनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं. मला रडूच आलं. ह्याच बाईने मला तेहतीस वर्षं नावं ठेवली होती.

"मॅम, आय हॅव थ्री मोर पिकअप्स," ट्रकवाला कळवळून म्हणाला.

"वन मिनिट. द कार मस्ट क्रश द लेमन्स. देन यू टेक."

ट्रकवाल्याने साखळी ओढली. मी कुरकुरत हलले. एक लिंबू फुटलं, दुसरं फुटलं, तिसरंही. चौथं होतं पुढच्या डाव्या चाकापाशी, आणि त्या टायरमध्ये पाच वर्षं हवाच नव्हती. ते टुणकन उडालं आणि घरंगळत थेट गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

नंदकुमार माझ्याकडे नाही, उमाताईंकडे बघत होते.

"तिला जायचं नाहीये," उमाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. "शोव्हल मी करीन. ढकला आत."

दोघांनी नि ट्रकवाल्याने मिळून मला आत ढकललं. तो जाताना हातात पूजेचा पेढा धरून बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

तेव्हापासून दर दसऱ्याला पूजा होते, पुढे चार लिंबं मांडली जातात आणि मला दोन पावलं ढकलून बघतात. चौथं लिंबू अजून फुटलेलं नाही. तुम्ही कधी आलात तर जरूर भेटा. फक्त एवढी कृपा करा, माझ्या त्या टायरमध्ये हवा भरू नका.