घड्याळ घरी आलं तर

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. पण डोक्यातून जात नाही.

मी राउटरवाला. शिक्षण विचारू नका, तोडून-मोडून शिकलो. ओळखीच्यांच्या राउटरमध्ये छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, टाकून देतो. कुणाला जेवणाच्या वेळी पोरांचे गेम बंद हवे असतात, कुणाला जाहिराती नको असतात. टाकणं सोपं आहे. नंतर सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. कंपनी अपडेट पाठवते आणि आपलं काहीतरी गुपचूप मोडतं.

लंबू माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या बाबांना विसरायला व्हायला लागलं. दार उघडून निघायचे आणि परतीचा रस्ताच आठवायचा नाही. लंबू दिवसभर कामावर, काकूंचे गुडघे गेलेले. म्हणून काकांच्या हाताला वाय-फायवालं घड्याळ बांधलं आणि राउटरमध्ये स्क्रिप्ट टाकली. घड्याळ घराच्या वाय-फायबाहेर गेलं की लंबूचा फोन वाजणार.

काका म्हणाले, "काय रे इंजिनियर, बेडी घातलीस होय? चावी तरी दे."

खूप हसलो तेव्हा.

सुरुवातीला फोन बऱ्याचदा वाजला. दर वेळी काका कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी सापडायचे. मग वाजेनासा झाला. लंबूला वाटलं, बाबा घरात रमले. मलाही तेच वाटलं. फोन शांत म्हणजे सगळं ठीक, असंच तर मी ते बनवलं होतं.

एक दिवस लंबू घरी आला तर दार सताड उघडं. काकू आत झोपलेल्या. काका नाहीत.

मी राउटर उघडून बघितला. स्क्रिप्ट जागेवर होती, एक अक्षर हललं नव्हतं. अपडेटने फक्त वेळापत्रकातली ओळ उडवली होती, दर थोड्या वेळाने स्क्रिप्टला उठवणारी. लंबूला सांगितलं. वाटलं, कानाखाली देईल. तो म्हणाला, "हे आईला सांग. तिला वाटतंय, तिचा डोळा लागला म्हणून ते गेले."

सांगितलं. काकूंनी बराच वेळ राउटरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तेही झोपलंच होतं."

पोलीस झाले, दवाखाने झाले, भिंतीभिंतीवर फोटो लावून झाले. चपलांच्या दुकानदाराला विचारून विचारून तो बिचारा आम्हाला बघितलं की आधीच मान हलवतो. काहीच नाही.

आता तो राउटर तापतो, मधेच बंद पडतो. कंपनीचा माणूस नवीन घेऊन आला, तर लंबूने त्याला दारातूनच परत पाठवला. काकूंनी मला बोलावलं, म्हणाल्या, तूच समजाव. गेलो. काकांच्या पलंगाशेजारी घड्याळाचा चार्जर अजून लावलेला होता.

लंबू खाली बघत म्हणाला, "बाबा आले, तर घड्याळ या जुन्यालाच ओळखेल ना?"

त्या घड्याळाची बॅटरी जेमतेम दोन दिवस टिकते. लंबूला माहीत आहे, त्यानेच ते आणलं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

"नवीन बसवू," मी म्हणालो. "वाय-फायचं नाव तेच ठेवतो, पासवर्ड तोच ठेवतो. घड्याळाला फरक कळणार नाही. स्क्रिप्ट उलटी लिहितो, घड्याळ आत आलं की फोन वाजेल. आणि प्रत्येक अपडेटनंतर मी स्वतः येऊन बघणार. तू नको म्हणालास तरी येणार."