चार धावांचा फायदा

बेसबॉलच्या त्या सामन्यात, सातव्या डावात, राजधानीवाल्यांनी तेरावी धाव काढली, तेव्हा प्रेक्षकांनी शिव्या देणंही सोडलं होतं. आमच्या नावापुढे फलकावर नुसती शून्यं होती. तळलेली केळी विकणारी बाई वर बघून म्हणाली, "एवढ्या कड्या मला द्या, घरचे पडदे तरी टांगते."

आमचा वांदेल अजून चेंडू टाकायच्या उंचवट्यावरच होता. वीस वर्षांचा पिचर. फेब्रुवारीत त्याला अमेरिकेतल्या एका संघाच्या शिबिराला जायचं होतं आणि ते सगळं त्याच्या उजव्या कोपरावर अवलंबून होतं. आता प्रत्येक चेंडूनंतर तो कोपर बरगडीशी दाबून धरत होता.

एवढा मार खाल्लेल्या पिचरला कुठलाही मॅनेजर केव्हाच बाहेर काढतो. आमचा नार्सिसो पॉलिनो काढत नव्हता. राखीव पिचरांना त्याने हात मोकळे करायलाही उठू दिलं नव्हतं. राजधानीच्या एका फलंदाजाने होमरन मारून बॅट आमच्या बाकांकडे भिरकावली होती. तो पुन्हा खेळायला आला, तेव्हा पॉलिनोने खूण केली: याच्या बरगडीत मार. वांदेलने मान हलवून नकार दिला आणि चेंडू सरळ टाकला. तेव्हापासून ही शिक्षा चालू होती.

फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा आमचा कॅचर एलीहिओ उठून उंचवट्यावर गेला. अठरा हंगाम खेळून त्याचे गुडघे कुरकुरत होते.

"मूठ वळ."

"वळतेय, काका."

"वळून दाखव."

वांदेलची बोटं अर्ध्यावर थांबली. एलीहिओ बाकांकडे चालत गेला.

"त्याला काढा. पोराचा हात जातोय."

पॉलिनो सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकला. "हात कुणाचा, ते मला नको सांगू. संघ कुणाचा, ते त्याला कळू दे."

"माणसाच्या बरगड्या मोडल्या नाहीत म्हणून?"

"जागेवर जा, म्हाताऱ्या."

एलीहिओ जागेवर गेला. मुखवटा काढून त्याने फलंदाजापुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या प्लेटवर ठेवला. मग छातीचं चिलखत. मग पायांवरचे पट्टे, एकेक बक्कल सोडवत. आणि त्या ढिगाशेजारी मांडी घालून बसला.

"हे काय?" पंच म्हणाला.

"मी खेळत नाही. पिचर बदलेपर्यंत."

दुसऱ्या कॅचरला मघाशीच एकदा फलंदाजीला पाठवून बदललं होतं; एकदा बदललेला खेळाडू नियमाप्रमाणे परत येऊ शकत नव्हता. पॉलिनोने बाकावर नजर फिरवली. प्रत्येक जण आपल्या बुटांकडे बघत होता. ते चिलखत उचलायला कुणीही उठलं नाही.

पॉलिनो ओरडतच मैदानात आला. "ऊठ, नालायका! सामना त्यांना बहाल होईल!"

"होऊ दे की," एलीहिओ म्हणाला. "असा बहाल केलेल्या सामन्याचा निकाल नऊ-शून्य लिहितात. आत्ता तेरा-शून्य आहे. तुमचा चार धावांचा फायदाच आहे, साहेब."

पहिल्या रांगेतला कुणीतरी मोठ्याने हसला. मग ते वाक्य रांगेरांगेने वर गेलं आणि सबंध स्टँड घरून आणलेली भांडी बडवत ओरडू लागलं: "नऊ! नऊ! नऊ!" शिव्या परत आल्या होत्या आणि सगळ्या पॉलिनोच्या नावाने होत्या.

पंचाने घड्याळ बघितलं. "मॅनेजर, बदली द्या, नाहीतर मी संपवतो."

पॉलिनो लालबुंद होऊन उंचवट्यावर गेला आणि त्याने हात पुढे केला. बाहेर जाणारा पिचर मॅनेजरच्या हातात चेंडू ठेवतो, ही रीत. वांदेलला तो ठेवता येईना. बोटं उघडतच नव्हती. एलीहिओने जाऊन ती एकेक करून सोडवली आणि चेंडू स्वतःच्या मुठीत धरला.

"उद्या सामान उचल आणि चालता हो," पॉलिनो म्हणाला.

"उद्याचं उद्या. आता टाकतंय कोण, ते बोला. मला त्याच्याशी खुणा ठरवायच्यात."

वांदेल खाली मान घालून डॉक्टरकडे चालत गेला. एलीहिओने पट्टे पुन्हा बांधले, मुखवटा चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसला. हा धरून तीन डाव उरले होते, डावाला तीन, म्हणजे अजून नऊ गडी बाद करायचे होते.