हरण्याला पळवणार कोण

कारवानी कुत्रं घरात आणायचं असेल तर आधी घरात पळणारं माणूस आहे का ते बघावं. हे माझं शहाणपण नाही, बाबूलालचं. धनजजवळच्या त्याच्या पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, शिकार केव्हाच बंद पडली, पण ही लांब तंगड्यांची, बारीक कमरेची कुत्री अजून त्याच्याच घरी निपजतात. आमचा हरीओम पिल्लू मागायला गेला, तेव्हा बाबूलालनं घरी कोंबड्या आहेत का, शेळ्या आहेत का, काही विचारलं नाही. म्हणाला, “त्या निंबालोक पळून दाखव.” हरीओम निंबापर्यंत पळाला. पिल्लू मिळालं.

त्याचं नाव ठेवलं हरण्या. माझं आणि त्याचं कधी जमलं नाही. हाक मारली की मान वळवून बघणार आणि आपल्या मर्जीनं चालता होणार. शेजारच्या बेबीबाईची कोंबडी त्यानं मारली, शिव्या मात्र मी खाल्ल्या. हरीओम हसायचा. “आई, त्याले हुकूम नाई चालत. त्याच्यासंगं पळा लागते.” पोलीस भरतीची तयारी करत होता माझा लेक. पहाटे दोघं कारंजा रोडला जायचे. कधीमधी हेही मोटारसायकल घेऊन मागं जायचे.

उन्हाळ्यात एका पहाटे ट्रकनं हरीओमला उडवलं. हरण्या एकटाच घरी आला.

तेव्हापासून तो साखळीला. सोडायची माझी हिंमत नव्हती. रोडनं एक नेला, तेवढं पुरे. ह्यांचे गुडघे गेलेले, माझी कंबर धरलेली. त्याला पळवणार कोण? साखळी ओढून ओढून मान सोलली, भाकरीला तोंड लावेना. शेवटी ह्यांनीच बाबूलालला बोलावलं. मी दोघांवर तुटून पडले.

“लेक गेला, आता त्याचं कुत्रंबी नेता काय? मी नाई देत.”

बाबूलाल अंगणात उकिडवा बसला. हरण्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, “मावशी, तुमी त्याले जीव लावून राह्यल्या, दिसते मले. पण हे जनावर पळाले भेटलं नाई तं मरते. ठेवतो म्हणत असान, तं ठेवा.”

ठेवा म्हणाला मेला! नेतोच म्हणाला असता तर भांडायला तरी जागा होती.

मी हरण्याजवळ गेले. हरीओमचा वास राहिला असेल म्हणून त्याच्या पाठीला नाक लावलं. नुसता कुत्र्याचा वास. साखळी मीच काढली.

बाबूलालनं गाडीला किक मारली, शिट्टी घातली आणि रोड सोडून शेतातल्या पांदणीनं निघाला. हरण्या मागं सुटला. पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. त्याला असा सुटलेला मी पहिल्यांदाच बघत होते. पहाटे मी चुलीशी असायची, नाहीतर गोठ्यात.

“एवढ्या जोरात पळे काय हो आपला हरीओम?”

“एवढा नाई,” हे म्हणाले. “पण हसत पळे.”

मी ओसरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. एवढी वर्षं लेकाला जेवू घातलं. तो पळतो कसा, तेवढं बघायचं राहून गेलं.